उजळवलेली आई

सरकारी दवाखान्याच्या एक्स-रे विभागात ती एकोणीस वर्षं काम करते आहे. रुग्णाला श्वास रोखायला सांगायचं, बटण दाबायचं, चित्र नीट आलं का पाहायचं. आहे ते दिसलं पाहिजे, कमी नाही की जास्त नाही, एवढीच या कामाची अट.

आई गेली तेव्हा तिच्याकडे आईचा एकच धड फोटो होता, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी तिनेच काढलेला. आई रंगाने गडद, कपाळावर भाजल्याचा बारीक व्रण. तिने तो बाजारातल्या फोटो लॅबमध्ये मोठा करायला दिला. आला तो पिठात लोळवल्यासारखा. चेहरा गोरापान, व्रण गायब. काहीही दुरुस्ती करू नका, असं कागदावर लिहून तिने पुन्हा दिला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला लॅबवाल्याने चार गिऱ्हाइकांदेखत प्रिंट काउंटरवर टाकला.

"मॅडम, लोक उजळ करून द्या म्हणून मागे लागतात. काळाठिक्कर चेहरा भिंतीवर लावून पाहुण्यांना घाबरवायचंय का?"

गिऱ्हाइकं हसली. तिने तिन्ही प्रिंट पाकिटात घातले आणि घरी आली. थोरला भाऊ म्हणाला, फोटोत तरी बिचारी उजळली, त्यात बिघडलं काय? भाऊ आईच्याच रंगाचा. ती वडिलांवर गेलेली, गोरी. त्याने त्यातला एक प्रिंट फ्रेम करून बैठकीत लावूनही टाकला.

"दादा, हा तू उतरवशील. स्वतःच्या हाताने," ती म्हणाली. "आणि त्या माणसाला मी चार नाही, चारशे लोकांदेखत गप्प करीन."

दादाने चहा मागितला.

आठवड्याभरात आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर फोटो छापायचा प्रिंटर आला. घरची छपाई म्हणजे पोरखेळ नव्हे, हे तिला लवकर कळलं. पहिले प्रिंट काळेकुट्ट निघाले, कारण संगणकाच्या पडद्याचा उजेड भलताच वाढवलेला होता. मग हिरवट निघाले, कारण प्रिंटरला कागदाचा प्रकार चुकीचा सांगितला होता. दोन आठवडे गावाला गेली तर शाई सुकून बसली आणि आईच्या गालावर रेघा उमटल्या. लॅबमध्ये हे होत नाही. तिथलं यंत्र दिवसभर चालतं, शाई सुकायला सवडच मिळत नाही, आणि भिंतभर आकाराचा फोटो घरच्या प्रिंटरवर निघत नाही. हे सगळं ती आजही मान्य करते.

रंग जुळवायला मात्र तिच्याकडे लॅबकडे नव्हती अशी एक वस्तू होती: दादाचा हात. दर रविवारी ती त्याला खिडकीशी बसवायची, बाही वर करायची आणि प्रिंट मनगटाशेजारी धरायची. "एकदाचं मलाच चिकटव कागदावर, सुटेन तरी," तो कुरकुरायचा. सातव्या महिन्यात कागद आणि कातडी यांच्यातला फरक दिसेनासा झाला.

मग तिने दवाखान्यात शब्द टाकला. त्याच लॅबचा प्रिंट आणि मूळ फोटो घेऊन या, मी छापून देते. वॉर्डातल्या मावशी आल्या, ड्रायव्हर आला, दोन नर्सबाई आल्या. दादाचा लग्नातला फोटो तिने न विचारताच घेतला. एकोणीस जोड्या झाल्या. त्या तिने छायाचित्र मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात लावल्या: डावीकडे लॅबचा प्रिंट, त्याच्याखाली लॅबचं पाकीट, उजवीकडे घरचा. बक्षिसं लॅबवाल्याच्या हस्ते होती, हे पाहूनच तिने अर्ज भरला होता. आणि उद्घाटनाला एकोणीसही जणांना बोलावून घेतलं.

लॅबवाला त्या भिंतीपाशी आला आणि जागीच थांबला. फोटोतली माणसं आपापल्या जोडीशेजारी उभी होती. सभागृह भरलेलं होतं. हे काढा, तो मंडळाच्या सचिवांना म्हणाला, माझी बदनामी चाललीय. सचिव घुटमळले. तेवढ्यात मावशींनी उजवीकडच्या प्रिंटवर बोट ठेवलं.

"ही मी. शेजारची बाई कोण ते यांना विचारा, यांनीच आणलीय."

हशा पिकला. या वेळी तो त्याच्यावर होता. बक्षिसं न देताच तो गेला. दादा मात्र स्वतःच्या दोन चेहऱ्यांसमोर बराच वेळ उभा होता. संध्याकाळी त्याने बैठकीतली फ्रेम उतरवली आणि बहिणीकडून आईचा घरचा प्रिंट मागून घेतला.

महिन्याभराने लॅबमधून एक पाकीट आलं. आत आईचा फोटो होता, कसलीही दुरुस्ती न केलेला. रंग तंतोतंत, व्रण जागच्या जागी. सोबत दोन ओळींची माफी. तिने तो खिडकीशी नेऊन नीट पाहिला. केसांच्या काळ्या भागातली बट न् बट सुटी दिसत होती. तिच्या प्रिंटरला ते कधीच जमलं नव्हतं.

"तुझ्यापेक्षा बरा आलाय," दादा म्हणाला. "हाच लावू या. माफीही मागितलीय त्याने, आता सोडून दे."

"बराच आहे," ती म्हणाली. "म्हणजे येत होतं त्याला. तीनदा गेले तेव्हाही येत होतं."

तिने प्रिंट पाकिटात घालून परत पाठवला. मग दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरबाईंकडे लेखी अर्ज केला: एकोणीस जोड्या लावायला बाह्यरुग्ण विभागाबाहेरची भिंत वर्षभरासाठी मिळावी. तिथून रोज सातशे माणसं जातात.