आधी पाण्याचं ठरवा म्हणणाऱ्या अक्का

अक्कांमुळे आमचं घर फुटलं.

आज पहाटे त्या गेल्या. सकाळपासून एका जागी बसवत नाहीये, म्हणून लिहितेय.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन पाचोऱ्याजवळच्या या गावात आले. मारवाडी जैन घर, धान्याचं दुकान, एकत्र कुटुंब. त्यांच्या थोरल्या दिरांसमोर, म्हणजे माझ्या थोरल्या सासऱ्यांसमोर, अक्का पदर खाली ओढायच्या. शब्द नाही.

ग्रामपंचायतीत एक बाई हवी म्हणून त्या दिरांनीच अक्कांचं नाव दिलं होतं. नुसती सही करायला!

मग दिरांनी पुठ्ठ्याचा कारखाना काढायचं ठरवलं. जागा मागितली नाल्याकाठी, गावच्या विहिरीच्या वरच्या अंगाला.

सभेत सगळे हो म्हणाले. दीर समोरच बसलेले. अक्का पदराआडून बोलल्या,
"घाण पाणी कुठे सोडणार ते आधी ठरवा. जागा मग द्या."

सरपंच हसले. "अक्का, कारखाना उभा तर राहू द्या. पाण्याचं नंतर बघू."

"पोर विहिरीत पडल्यावर कठडा बांधता का?"

ठराव अडकला. शेवटी कारखाना गावाच्या खालच्या बाजूला गेला.
थोरल्या सासऱ्यांनी चूल वेगळी केली. पुन्हा आमचा उंबरा चढले नाहीत.

मला वाटलं, संपलं.

पुढच्या उन्हाळ्यात खालच्या गावची सखूबाई आली. त्यांच्या विहिरीचं सगळंच पाणी काळपट झालेलं. त्याचा तांब्या तिने अक्कांपुढे ठेवला.
"बठ्ठं पानी असंच शे, अक्का. तुमनं गाव वाचनं. आमनं काय?"

अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मग सखूबाईला घेऊन जळगावच्या सरकारी कचेरीच्या चकरा सुरू. साहेब बदलायचा, अक्का पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. काही हललं नाही.
कारखान्याला वाढीव जागा हवी झाली, तेव्हा पंचायतीत अडूनच बसल्या. आधी पाणी साफ करायच्या टाक्या, मग जागा.

टाक्या झाल्या. नाल्याचा वास कमी झाला.

सखूबाईची विहीर मात्र परत गोड झाली नाही. ते अक्कांना कायम सलत राहिलं.

नंतर गावात रस्ता निघो, बाजार निघो, अक्कांचा प्रश्न ठरलेला: "याच्या खालच्या अंगाला कोण राहतं?"
लोक वैतागायचे. खरं सांगू? मीही.

अक्का, शांत झोपा असं लिहिणार होते.
पण तुम्हाला शांत बसलेलं मी कधी पाहिलंच नाही.

या आता. वाकून नमस्कार करते.