एकटीचा गिंबल

मैत्रीण कॅनडाला गेली आणि माझं शूटिंग हलायला लागलं.

त्याआधी आम्ही दोघी मिळून लग्नं, मुंजी, बारशी शूट करायचो. कॅमेरा माझ्या हातात, ती माझ्या मागे. नवरी मांडवात येताना तिच्यासमोर उलटं चालावं लागतं, डोळे स्क्रीनवर ठेवून. मागे पायरी आहे, वायर आहे की कुणाची आजी खुर्ची टाकून बसलीय, काही दिसत नाही. मैत्रीण माझा कुर्ता पाठीकडून मुठीत धरायची. ओढला की थांबायचं, डावीकडे खेचला की डावीकडे वळायचं. बोलायची सोय नसे, आवाज रेकॉर्ड होतो. त्या मुठीच्या भरवशावर मी मुलुंडचे सगळे हॉल उलटी चालले आहे.

जाताना ती म्हणाली, "दुसरी कोणी बघ गं, एकटीने नाही जमणार." मी हो म्हटलं आणि बघितलं नाही.

एकटीने शूट केलेल्या पहिल्याच लग्नात सावध पावलं टाकून टाकून चित्र थरथरलं. मुलीच्या वडिलांनी फिल्म बघून अगदी सभ्यपणे विचारलं, "ताई, हे हलतंय, की माझ्या चष्म्याचं काहीतरी बिघडलंय?" दुसऱ्या दिवशी मी गोरेगावला, स्टुडिओच्या मागच्या गल्लीत, शूटिंगचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात गेले.

दुकानदाराने आधी छातीला बांधायचं जॅकेट काढलं. त्याला पुढे स्प्रिंगचा हात, त्या हातावर कॅमेरा. पट्टे आवळले तर श्वास अडकला. ते शिवणाऱ्याने बाई डोळ्यांसमोर आणलीच नव्हती. दुकानदार संकोचून भिंतीकडे बघत म्हणाला, "राहू द्या मॅडम, हे पैलवानांचं काम." मग खांद्यावर टेकवायची दांडी दाखवली. ती बरी होती, पण चालताना प्रत्येक पाऊल चित्रात उतरत होतं. शेवटी गिंबल. हातात धरायची मूठ आणि वर मोटरी. आपला हात कसाही वळला तरी कॅमेरा सरळ राहतो. मी गल्लीत एक फेरी मारली. स्क्रीनवरची रिक्षा, भजीवाला, चिखलातून उड्या मारणारं कुत्रं, सगळं पाण्यावरून वाहत गेल्यासारखं. झकास वाटलं. आणि लगेच वाटलं, हे तिला दाखवायला हवं होतं. ती म्हणाली असती, "घे ना यार, विचार काय करतेस?"

विकत घ्यायचा धीर झाला नाही, म्हणून आधी एका हळदीपुरता भाड्याने घेतला.

हळद खारदांड्याच्या कोळीवाड्यात होती. बँडमागून सगळं घर नाचत निघालेलं, आणि त्यांच्यासमोर मी, दोन्ही हातांनी तो जड गिंबल धरून उलटी चालतेय. चित्र अप्रतिम येत होतं. नवरीची आत्या मधोमध, हात वर करून, डोळे मिटून नाचत होती. मी तिच्यात इतकी गुंतले की पाठीला काही जाणवण्याची वाट बघत बेधडक मागे जात राहिले. पायात जाळ्याचा दोर आला आणि मी दाणकन खाली बसले. कॅमेरा मात्र हातात तसाच उभा, सरळ, नाचणाऱ्यांकडे रोखलेला.

आत्या धावत आली. "काय गो, लागलं?"

"नाही हो, नाचा तुम्ही," म्हटलं. लागलं होतं. पण डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याने नाही.

घरी येऊन ती क्लिप मैत्रिणीला पाठवली. खाली लिहिलं, "मी यात कुठे पडले, ओळख बघू." कॅमेरा जरा खाली जातो, पण इतका अलगद की मुद्दाम केल्यासारखं वाटतं. कुणाला कळणार नाही याची मला खात्री होती.

तिचा फोनच आला. "ती हळदीची बाई डोळे उघडते ना, तिथे. तिच्या चेहऱ्यावर दिसतंय, समोर कोणीतरी पडलंय." मग म्हणाली, "मागे कोण होतं गं?"

"कोणी नव्हतं."

ती सरळ कामाचं बोलायला लागली. "दोन हातांचा घेऊ नकोस. हलका कॅमेरा लाव, छोटा गिंबल घे. एका हाताने धर, दुसरा मागे ठेव. चाचपत चाल."

मी तसाच घेतला. दुकानदाराला नवल वाटलं, मोठा सोडून छोटा का. एवढंच सांगितलं की मला एक हात मोकळा लागतो.

आता काम बरं चाललंय. पडत नाही. मोकळा हात भिंत शोधतो, खांब शोधतो, कधी चुकून एखाद्या काकांचं पोट. तरी नवरी दारात आली की पाठ अजून वाट बघते, तिला समजावून उपयोग होत नाही.

परवा मुलुंडच्या एका मुंजीची फिल्म मी मैत्रिणीला पाठवली, नीट कापून, संगीत घालून. ती म्हणाली, "छान आहे. पण पुढच्या वेळी कच्चं पाठवशील? न कापलेलं. इथे सकाळी बाहेर काहीच आवाज नसतो गं."

तेव्हापासून काम संपल्यावर मी कॅमेरा लगेच बंद करत नाही. हॉलवाले खुर्च्या आपटत रचतात, कुणीतरी उरलेली जिलबी कोण नेणार यावर वाद घालतं, बाहेर रिक्षावाला नाही म्हणतो. ते सगळं तसंच तिला जातं.