भासऱ्यांना काय म्हणायचं

आमच्या मोठेबाबांना, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाला, हाक मारायला अख्ख्या नागपूरकडे शब्द होता. ते शाळामास्तर होते, त्यामुळे केस पिकलेले विद्यार्थीसुद्धा रस्त्यात स्कूटर थांबवून त्यांना 'सर' म्हणत. गल्लीत ते काकाजी. आत्याचे दादा, मोठीआईचे 'अहो', माझे मोठेबाबा. शब्द नव्हता तो एकट्या माझ्या आईपाशी. ती त्यांच्या धाकट्या भावाची बायको, ते तिचे भासरे, आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे धाकटी सून भासऱ्यांशी बोलत नाही. ते समोर आले की पदर घेते, ते बसतात त्या बाजेवर बसत नाही, आणि हाक तर मारतच नाही. मारायची ठरवली तरी काय म्हणून मारणार? सासऱ्यांना मामाजी, धाकट्या दिराला भाऊजी, नणंदेला ताई, असं सगळं तिला लग्नात शिकवून झालं होतं. भासऱ्यांपाशी येऊन शिकवणाऱ्या बायका गप्प झाल्या असाव्यात.

मला या रीतीचा लहानपणापासून राग यायचा, कारण तिचं ओझं माझ्या डोक्यावर होतं. 'तुह्या मायले सांग, भाजीत मिरची कमी टाकत जाय,' असं मोठेबाबा मला सांगत. आई दाराआड उभी राहून ते ऐकत असे, तरी मी तीन पावलं चालून तेच तिला पुन्हा सांगायची. मग ती म्हणणार, भिवापूरची मिरची आहे, तिखट असणारच. ते मी परत बाहेर नेऊन पोचवायची. मोठेबाबांनी अर्थातच तेही ऐकलेलं असायचं. दोघंही इतक्या गंभीरपणे हे करत की हसायची सोय नव्हती.

मी घरात नसले की काम कडीवर चाले. ताट वाढलं की आई स्वयंपाकघराच्या दाराची कडी दोनदा वाजवायची. समोरच्या खोलीतून मोठेबाबा खाकरायचे. खाकरलं म्हणजे ऐकलं, येतो. तिला पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून ते जरा थांबून येत, आणि ती ताटावर झाकण ठेवून मागच्या अंगणात निघून जाई.

माझं लग्न होऊन मी नागपूरच्या वेशीवर, वाडीला आले. त्यानंतर वडील गेले, मग मोठीआई गेली. मोठेबाबांना मूलबाळ नव्हतं. एवढ्या घरात दोन म्हातारी माणसं उरली, आणि त्यांना एकमेकांना हाक मारता येत नव्हती. मी आईला म्हटलं, माझ्याकडे चल. ती म्हणाली, 'मंग त्याईच्या ताटाचं काय?' विषय तिथेच संपला.

मग मधला माणूस म्हणून मोबाइल आला. एकदा आईला ताप होता. मोठेबाबांचा मला फोन: तुह्या मायले इचार, ताप उतरला काय. ते समोरच्या खोलीत, ती आतल्या खोलीत, आणि मी वाडीला ट्रकांच्या हॉर्नच्या गोंगाटात. मी आईला फोन लावून विचारलं. ती म्हणाली, उतरला, पण त्याईले म्हणावं बाहेरचं खाऊ नका, मी खिचडी टाकून राहिली. ते मी त्यांना कळवलं. फोन ठेवून मी कपाळावर हात मारला आणि मग, का कोण जाणे, डोळे भरून आले.

पण मागच्या हिवाळ्यात मला खरी धास्ती बसली. मोठेबाबा बँकेत निघाले आणि चष्मा बाजेवर विसरले. चष्म्याशिवाय त्यांना समोरून येणारी गाडी दिसत नसे. आई चष्मा घेऊन मागे धावली. ते पुढे, ती पदर सांभाळत मागे, अशी दोघं चौकापर्यंत गेली. तिला मागून काही ओरडता येईना. ते रस्ता ओलांडायला उतरले तेव्हा एका भाजीवाल्याला तिचा चेहरा पाहून काय ते समजलं. त्याने 'ओ काकाजी' म्हणून आवाज दिला आणि ते थांबले. चष्मासुद्धा त्याच्याच हातून पोचला.

हे कळलं तेव्हा मी तडक माहेरी गेले आणि आईवर भडकले. म्हटलं, उद्या ते पडले, त्यांना काही झालं, तर तू काय करशील? दादा म्हण, काकाजी म्हण, काहीही म्हण, पण तोंड उघड. ती तांदूळ निवडत होती. एक खडा वेचून तिने बाजूला टाकला.

'मी कडी वाजवली का त्याईले समजते,' ती शेवटी म्हणाली.

'कडी घरात वाजते, आई. रस्त्यावर कुठून आणशील?'

'इतक्या वर्षांत त्याईनं मले कधी उणं बोललं नाही. मी आता त्याईले काहीबाही म्हणू काय वं?' मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की शब्द नसणं तिला उणं वाटत नव्हतं. बाकी सगळ्यांनी वापरून जुने केलेले शब्द तिला त्यांच्यासाठी नको होते. तरीही मला तिचं पटलं नाही, आणि आजही पूर्ण पटत नाही.

या उन्हाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला. ती कधी आपणहून फोन करत नसे. 'कडी वाजवली,' ती म्हणाली. 'दोनदा वाजवली. मंग अखीन वाजवली. ते खाकरले नाही.'

मी आणि डॉक्टर पोचलो तेव्हा मोठेबाबा बाजेवर शांत झोपल्यासारखे होते. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, कुणी हाक मारली असती तरी उपयोग नव्हता. हे त्यांनी आईकडे न बघता सांगितलं, पण मला ते तिच्या कानावर घालायचं होतं, म्हणून मी ते तिला पुन्हा सांगितलं. जुनी सवय.

माणसं जमली. उचलायची वेळ झाली तसा बायकांनी हंबरडा फोडला. आत्या 'दादा, दादा' करून तिरडीवर कोसळली. दारातले विद्यार्थी 'सर' म्हणून पाया पडले. मीही मोठेबाबा म्हणून ओरडले असेन. आई भिंतीशी उभी होती, पदर कपाळावर ओढून. दोघीतिघी कुजबुजल्या. आत्याने मान वर करून तिला म्हटलं, 'तू बी एक डाव आवाज दे वं त्याईले. आता काय लाजतं?'

आई हलली. मला वाटलं, आता बोलेल. ती तिरडीकडे न जाता आत वळली.

आणि स्वयंपाकघराच्या दाराची कडी दोनदा वाजली.

खांदा द्यायला वाकलेली माणसं तशीच थांबली. आत्याचं रडणं थांबलं. कडी कशासाठी वाजते हे त्या घरात आता आईखेरीज मला एकटीला ठाऊक होतं, आणि मी खुळ्यासारखी मोठेबाबांच्या खाकरण्याची वाट बघत राहिले.