जोसेफची भाषा आणि आईचा कान

बहात्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. आम्ही नगरजवळ भिंगारला राहायचो. वडील तिथल्या लष्करी कॅम्पात क्लार्क, आणि मी पुण्यात भाषाशास्त्रात एम.ए. करत होते.

वडिलांकडून कळलं, टांझानियाचा एक तरुण अधिकारी ट्रेनिंगला आलाय. नाव जोसेफ. त्याची मातृभाषा स्वाहिली नव्हे, तर डोंगरातल्या मोजक्या गावांत बोलली जाणारी, आफ्रिकेतल्या बांटू कुळातली एक भाषा... तिच्यावर कुणी फारसं लिहिलेलंच नव्हतं. मला प्रबंधाचा विषय मिळाला!

सुट्टीत दर रविवारी तो घरी यायचा. इंग्रजीतून मी विचारायचे, तो शब्द सांगायचा. आई शेजारी मेथी निवडत बसायची... घरात परका तरुण, म्हणून.

मुळाक्षरांत आपण ङ नुसता घोकतो, त्याच्याकडे शब्दच ङ ने सुरू व्हायचे. तेवढं जमलं, पण सूर जमेनात. शब्द तोच, आवाज चढवला की एक अर्थ, उतरवला की दुसरा... माझ्या वहीत नुसत्या वर-खाली रेघा.

एका रविवारी आल्या आल्या त्याने सांगितलं. त्याची आई महिन्यापूर्वी वारली होती, पत्र कालच पोचलं होतं. मी वही मिटली, तर म्हणाला, उघड. आमच्याकडे माणूस गेलं की शेजारी दारात येऊन एक वाक्य म्हणतात. इथे ते म्हणायला मला कुणी नाही... तू शिकशील?

अर्थ होता, 'ऐकलं, म्हणून बसायला आलोय.' मी लिहून घेतलं, तीनदा वाचलं. तिन्ही वेळा शेवटी सूर चढला आणि वाक्याचा प्रश्न झाला, 'बसायला येऊ का?' तो नाही नाही म्हणून मान हलवत राहिला.

आईने विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं. ती हात पुसत उठली.

"आपल्यातबी बसायलाच जात्यात की. त्याला म्हनावं, परत येकदा बोल."

तो बोलला. आई उंबऱ्यात उभी राहिली, त्याच्या तोंडाकडे बघत तिने ते वाक्य म्हटलं. शेवटचा सूर अलगद खाली आला...

जोसेफने त्याच्या भाषेत उत्तर दिलं, बरंच लांब. आम्हा दोघींना एक अक्षर कळलं नाही. मग तो रडला, आणि आई त्याच्याजवळ बसून राहिली.

पुढे प्रबंध झाला, मार्कही बरे पडले. पण ती भाषा आमच्या घरात खऱ्या अर्थाने कुणी बोललं असेल, तर शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या आईने.