दौंडला गेले, पण नंदाशी बोलायचं राहिलं

दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी मी घरात जाहीर केलं, मला दौंडला जायचंय. जाहीर केलं म्हणजे तक्त्यावर बोट फिरवलं. मला बोलता येत नाही. मांडीवरच्या पुठ्ठ्यावर अक्षरं आणि रोजचे काही शब्द आहेत. मी एकेकावर बोट ठेवते, समोरच्यानं जोडून वाचायचं. हा ब्लॉगही त्याच एका बोटानं टाइप करतेय, तेव्हा पोस्ट उशिरा आली म्हणून कुरकुर नको.

शाळेत माझा तक्ता शैला वाचायची. वर्गात, डब्याच्या सुट्टीत, अगदी माझ्या भांडणातसुद्धा. जूनपासून ती नगरला मामाकडे शिकायला जाणार होती आणि मी शिरूरच्या कॉलेजात, तिच्याशिवाय. दौंडची नंदा मला पुण्याच्या एका शिबिरात भेटलेली. तिचाही असाच तक्ता, माझ्यापेक्षा एक वर्ष पुढे, कॉलेजात पोचलेली. तिला एकच विचारायचं होतं: तक्ता वाचणारी नवी मैत्रीण कशी मिळवलीस?

शैलाला सोबत घेतलं. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्यापर्यंत एसटी, तिथून दौंडची दुसरी गाडी. माझ्यासारखं एका हातानं धरून बसणाऱ्यांनी मागची सीट टाळा. खड्डे आहेत आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे सारखे ब्रेक लागतात. अपंगांच्या पासावर सवलत मिळते, पास विसरू नका.

कंडक्टरनं शैलाला विचारलं, "पोरीला कुठं न्यायचंय?"

"तिलाच इचारा की, मामा."

मी अक्षरं दाखवली. ते वाकून वाचत राहिले. "दौंड! बराबर हाय की," म्हणाले आणि तिकीट माझ्याच हातात दिलं. मला शैलाचा काय अभिमान वाटला!

चौफुल्याला वडापाव खाल्ला, चहा बशीत ओतून घेतला. दौंड स्टँडपासून नंदाचं घर रिक्षानं जवळच आहे.

नंदाचा तक्ता तिची धाकटी बहीण सविता वाचते. तिची आणि शैलाची दारातच गट्टी जमली.

"तुमची बी अर्धं वाक्य वाचलं की चिडती का?" सवितानं विचारलं.

"व्हय ना! आन् नाय वाचलं तरी चिडती!"

आम्हीही हसलो. मग त्या दोघींचे पेपर, ड्रेस, मॅडमच्या नकला. मी बोट उचललं की शैला म्हणायची, "पाणी पायजे का?" एकदा मी नंदाला कसंबसं 'कॉलेज' दाखवलं, तर उत्तर सवितानं दिलं, "ताईचं कॉलेज झ्याक चाललंय. समदी वळखत्यात तिला." नंदा खाली बघत राहिली.

जेवायला मटकीची उसळ आणि कुस्करलेली भाकरी. दोघींच्या गळ्याला टॉवेल, दोघींचं सांडत होतं, आणि परक्या घरात पहिल्यांदाच मी पोटभर जेवले.

परतीच्या वेळी स्टँडवर शैला आणि सविता गाडीची चौकशी करायला खिडकीशी गेल्या. तेव्हा आम्ही दोघीच उरलो. समोरासमोर बसलं की एकमेकींचा तक्ता उलटा दिसतो, म्हणून बाकावर चिकटून बसलो. मी विचारलं, कॉलेजात कोण वाचतं?

नंदाचं बोट माझ्यापेक्षा हळू चालतं. 'कोणी नाही.' मग, 'दिवाळीपासून जात नाही.' मग, 'आई म्हणते सांगायचं नाही.'

आणि शेवटी, 'तू सोडू नको.'

मी 'तू'वर बोट ठेवलं आणि फलाटाला गाडी लागली. शैलानं मला उठवलं. "झाल्या का गप्पा?" सवितानं विचारलं. तक्ता पिशवीत गेला.

शिरूरपर्यंत मी रडत आले. शैलाला वाटलं, गाडी लागली.

फोन करायचा तर तो शैलानं बोलायचा आणि सवितानं ऐकायचा. मेसेज असो की पत्र, त्या घरात सगळे मिळून वाचतात. जे आईनं लपवायला सांगितलं, ते यांच्यामार्फत कसं बोलू?

कॉलेजात मी नाव घातलंय. शेजारची मुलगी तक्त्याकडे बघते आणि मान वळवते. मी रोज तो बाकावर उघडा ठेवते. तुमच्यापैकी कुणी तक्तेवाले अशा भेटीला निघालात, तर पोचल्या पोचल्या वाचणाऱ्यांना चहाला पाठवा. मी ते केलं नाही, आणि सबंध दिवस त्या दोघींचा झाला.

मला म्हणायचं होतं, तू परत नाव घाल, मीही एकटीच जाणार आहे. नंदाला त्यातलं 'तू' तेवढं कळलंय.