बाडस चढले त्या वर्षी

माझ्या बहिणीला, रचनाला, पोहता येत नव्हतं. तरीही तिने चार पावसाळे नाल्याच्या पाण्यात उभं राहून काढले.

आम्ही फुलचूरचे. बाबा, शालिकराम, गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये बॉयलरवर होते. आई, पार्वताबाई, घरी शिवणकाम करायची. रचनाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. निन्याण्णव साली ती बी.एस्सी.ला गेली तेव्हा बाबांनी मिलमध्ये पेढे वाटले होते. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारी ती पहिली. पुढे नागपूरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि तिथल्याच एका सरांकडे संशोधनाला लागली. कशावर, असं बाबांनी विचारलं तर म्हणाली, "मासोऱ्यायवर."

बाबा हसले. "आपल्याकडं ढिवर लोक काय कमी हायेत का, पोरी?"

पण तिचा प्रश्न मासे पकडण्याचा नव्हता. वैनगंगेतून खैरी नाल्यात पावसाळ्यात मासे चढतात. त्यांतला एक महाशीर. तिकडचे ढिवर त्याला बाडस म्हणतात. मोठ्या सोनेरी खवल्यांचा, जोरकस मासा. तो कुठेही अंडी घालत नाही. त्याला खाली बारीक गोटे लागतात, वरून स्वच्छ वाहतं पाणी लागतं, फार उथळ नको आणि फार खोलही नको. पाणी कमी असलं की गोटे उघडे पडतात, जास्त झालं की धार अंडी उचलून नेते. पिल्लांना पुन्हा काठाचं संथ, उथळ पाणी हवं. तर नाल्यात नेमकं किती पाणी वाहिलं म्हणजे बाडसाला अंडी घालायला आणि पिल्लांना वाढायला किती जागा मिळते, हे ताईला शोधून काढायचं होतं.

त्यासाठी ती या काठापासून त्या काठापर्यंत दोर बांधायची आणि दोराला धरून पुढे सरकायची. पावलापावलावर थांबून खोली मोजायची, छोटी चक्री पाण्यात धरून वेग मोजायची आणि खाली वाळू आहे की गोटे की खडक, ते पायाने चाचपायची. पाणी चढलं की तेच पुन्हा, उतरलं की पुन्हा. दोराचं दुसरं टोक धरायला दुर्पतामाय असायची.

दुर्पतामाय म्हणजे नाला वैनगंगेला मिळतो तिथल्या टोल्यावरची, छोट्या वस्तीतली, ढिवरीण. तिचा नवरा बाबूलाल डोंगा चालवायचा आणि जाळी विणायचा. ताई त्यांच्याच घरी राहायची. पहिल्या दिवशी ताईच्या हातून दोर सुटला आणि ती पाण्याखाली गेली, तेव्हा दुर्पतामायनं तिला केसांना धरून वर काढलं होतं.

"पोहता येत नाई तं नाल्यात कायले मराले आली वो?"

"मोजाले आली, माय."

"मंग मले धरून मोज."

वर डोंगराच्या कुशीत पाटबंधाऱ्याचा एक तलाव होता. तो बांधल्यापासून नाल्याचं पाणी अडलं आणि बाडस चढायचे जवळजवळ थांबले, असं दुर्पतामाय सांगायची. तलावाच्या गेटवर राजदीप नावाचा तरुण अभियंता होता, पवनीकडचा. निरनिराळ्या पाण्यात मोजमाप करायचं तर गेट कमीजास्त उघडायला हवं, म्हणून ताई त्याच्या ऑफिसात गेली. साहेबांची परवानगी मिळायला दोन महिने लागले. तोवर चार वेळा चहा झाला होता.

मग तो वरून गेट थोडं उचलायचा आणि फोन करायचा.

"आलं का पाणी?"

"नाई अजून."

"आता?"

"घोट्यावर आलं."

मी एकदा तिच्यासोबत गेले होते तेव्हा हे ऐकलं. पाणी गुडघ्यावर येईपर्यंत दोघं बोलतच होते, आणि बोलणं काही सगळं पाण्याचं नव्हतं. दुर्पतामाय माझ्याकडे पाहून तोंडाला पदर लावून हसली.

दोन हजार सातच्या मेमध्ये त्यांचं लग्न झालं. बुद्धविहारात, पांढऱ्या कपड्यांत, साधं. बाबूलाल आणि दुर्पतामाय नवे कपडे घालून आले होते. ताई राजदीपच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली.

पुढच्या वर्षापर्यंत तिचं उत्तर हाती आलं. जुलैच्या सुरुवातीला दोनेक आठवडे तलावातून ठरावीक पाणी सोडलं, तर नाल्यातले गोट्यांचे बहुतेक पट्टे बाडसाला पुरतील. लागणारं पाणी फार नव्हतं. राजदीपने वरच्या साहेबांना पटवलं आणि दोन हजार आठच्या जुलैत गेट उघडलं. टोल्यावरच्या ढिवरांना दुर्पतामायनं पटवलं. "भरल्या पोटाच्या मासोरीवर जाळं नाई टाकाचं. वापस जातील तवा पाहू."

आणि बाडस चढले. ताईनं मला फोन केला तेव्हा ती रडत होती. "अल्का, माझ्या पायाले घासून गेला वो!" गोट्यांच्या फटींत पिवळी, ज्वारीच्या दाण्यासारखी अंडी. सप्टेंबरात काठाच्या संथ पाण्यात बोटाएवढी पिल्लं. राजदीप रविवारी यायचा, पँट वर दुमडून पाण्यात उभा राहायचा आणि पिल्लं त्याच्या पोटऱ्यांना टोचायची. त्या पावसाळ्याइतकी सुखी माझी बहीण मी ना आधी पाहिली, ना नंतर.

दोन हजार नऊला पाऊस आला आणि गेला. जूनच्या शेवटी दोन जोरदार सरी पडल्या, लोकांनी धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले, राजदीपने ठरल्याप्रमाणे गेट उघडलं. बाडस मागच्या वर्षीपेक्षा जास्त चढले. मग आभाळ कोरडं पडलं. आठवडा गेला, धानाचे पऱ्हे पिवळे पडायला लागले, रोवण्याला पाणी नाही. एके सकाळी तलावाखालच्या गावांतली माणसं, बाया, लेकरं गेटवर येऊन बसली. आमच्या तोंडचं पाणी मासोऱ्यांना सोडता, असं म्हणत होती. त्यांचं खोटं नव्हतं. वरून आदेश आला. राजदीपने गेट बंद केलं आणि पाणी कालव्याला वळवलं.

ताई खाली नाल्यात होती. त्याने फोन केला नाही.

मी शिकवायचे त्या शाळेला सुटी होती आणि मी त्या दिवशी तिच्याजवळ होते, म्हणून सांगते. आधी दोराखालची खळखळ बारीक झाली. ताईला वाटलं, वर कुठे काडीकचरा अडकला. तिने राजदीपला फोन लावला, उचलला नाही. दुपारपर्यंत गोट्यांची डोकी वर आली. नाला तुटला, त्याची डबकी झाली, आणि डबक्यांत बाडस. वर जायला पाणी नाही, खाली जायलाही नाही. पाठी उघड्या पडलेले मासे शेपटी आपटत होते, तो आवाज दूरवर जात होता.

तो ऐकूनच आजूबाजूच्या गावांतली माणसं आली. टोपल्या, लुगडी, मच्छरदाण्या घेऊन. हातानेच उचलत होती. ताई या डबक्याकडून त्या डबक्याकडे पळत होती. "नका नेऊ, अंडी हायेत त्याईच्या पोटात, नका जी!" एक म्हातारा, केवलराम नाव त्याचं, हातातला मासा तसाच धरून थांबला. रागाने नाही, समजावल्यासारखं म्हणाला, "बाई, मरूनच तं राहिले. आन् बलावलं कोनं याईले? तूच ना?"

ताई तिथेच खाली बसली.

बाबूलालने ओली पोती आणली. तो, दुर्पतामाय आणि मी, जमतील तेवढे मासे पोत्यात घालून वैनगंगेकडे पळत होतो. अर्धा कोस तापल्या वाळूतून. बरेचसे वाटेतच मेले. एक मोठी मादी दुर्पतामायच्या मांडीवरच मेली. पोट दाबलं गेलं आणि पिवळी अंडी तिच्या लुगड्यावर सांडली. दुर्पतामाय ती ओंजळीत गोळा करायला लागली. मग थांबली. ठेवणार कुठे?

"आमी तं जाळं बी नाई टाकलं," एवढंच ती म्हणाली. कुणाला म्हणाली, कळलं नाही.

संध्याकाळी राजदीप क्वार्टरवर आला तेव्हा ताई ओल्या साडीतच पायरीवर होती. मी आत भात टाकला होता.

"पाहून आलो," तो म्हणाला. "रस्त्यानं लोक घेऊन जाऊन राहिले."

"फोन काऊन नाई केला?"

त्याने पायातले जोडे काढून पायरीखाली ठेवले.

"गेट बंद करू नको, असं मी म्हटलं नसतं," ताई म्हणाली. "हळूहळू कमी कर म्हटलं असतं. दोन दिवस लावून. पाणी हळू उतरलं असतं तं ते खाली गेले असते. मले मालूम होतं, किती पाण्यात ते वापस फिरतात. तेवढंच तं मोजलं मी चार वर्षं."

"लोक गेटवर होते, रचना. दोन दिवस कोनाले मागू?"

"मले सांगाचं तं होतं."

"सांगितलं असतं तं तुझा आवाज ऐकून माझा हात चालला नसता," तो म्हणाला. "म्हणून नाई केला."

त्या रात्री कुणी जेवलं नाही. भांडणही झालं नाही. मला वाटतं, भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तो चूक नव्हता, हे ताईला कळत होतं, आणि त्यामुळेच तिला रागवायलाही जागा उरली नव्हती. दोघं एकमेकांना ताट वाढत होती, कपडे वाळत घालत होती, पण फोनवरचं ते बोलणं संपलं. वर्षभराने त्याची बदली गडचिरोलीला झाली. "तू हो समोर, मी येईन मागून," ताई म्हणाली. ती गेली नाही. त्यानेही दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

प्रबंध तिने लिहिला नाही. सरांनी निरोप पाठवले, आकडे उत्तम आहेत म्हणाले. आकडे उत्तमच होते. ती आमगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागली आणि दर जुलैत सुटी काढून नाल्यावर जायची. दोन हजार दहाला पाऊस भरपूर झाला, नाला दुथडी वाहिला, बाडस आला नाही. अकरालाही नाही. दुर्पतामाय तिच्याशेजारी काठावर बसायची, दोघी पाण्याकडे बघायच्या. तिसऱ्या वर्षी मायच म्हणाली, "आता नको येत जाऊ, पोरी. तुले पाहून मले जास्त तरास होते." ताईनं तिचे पाय धरले. त्यानंतर ती गेली नाही.

तेरा साली बाबा वारले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी राजदीप आला. केस पांढरे झाले होते. बाबांच्या फोटोला फूल वाहिलं, आईजवळ बसला. ताईनं त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं, पोळीवर तूप जास्त घातलं. तो मान खाली घालून जेवला. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "नाल्यात... परत आले का कधी?"

"नाई," ताई म्हणाली.

त्याचा घास हातातच राहिला. डोळे पुसायला त्याने डावा हात वर नेला, आणि ताई उठून आत गेली. मी मागे गेले, तर ती ओट्याला धरून उभी होती, चेहरा भिंतीकडे.

तो संध्याकाळच्या गाडीला निघाला. ताई दारापर्यंतही आली नाही. मी त्याला फाटकापर्यंत सोडून परत आले. ती अंगणातली सतरंजी घडी करत होती. बराच वेळ तिची तीच घडी पुन्हा पुन्हा घालत राहिली.

"अल्का," ती म्हणाली, "त्याले गाडी भेटली असन ना?"

"असन, ताई."

"गर्दी असते या गाडीले," ती म्हणाली. "बसाले जागा भेटली पाहिजे."