बी उडता कामा नये

कांद्याचं बी निवडण्यात थोरलीचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने सूप दोनदा हलवलं की पोचट बी पुढे आणि भरीव मागे. मालकाच्या चाळण्यांनी झक मारावी. वाऱ्याने बी उडू नये म्हणून बी निवडायच्या खोलीच्या खिडक्या हंगामभर बंद असत. आत धूळ इतकी, की संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या बायकांच्या पापण्याही मळकट दिसत. खोकला सगळ्यांनाच येई आणि त्याला कोणी आजार म्हणत नसे. हंगाम संपला की खोकला जातो, हे तिथलं शास्त्र.

नवी बाई आली की थोरली तिला पहिला धडा द्यायची, "खोकला आला तर सुपावर खोकू नकोस. उजवीकडे निवडलेला ढीग असतो, तिकडेही नको. तोंड डावीकडे वळव." बी वाचायचं. डावीकडे बसलेल्या बाईचं काय, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही. थोरलीच्याही नाही, आणि ती तर स्वतःला मोठी शहाणी समजायची. तिच्या डावीकडे तिची धाकटी जाऊ बसे, तिच्या पलीकडे धाकटीची सून. नवरा गेल्यापासून थोरलीला हक्काचं माणूस म्हणजे ही धाकटीच.

यंदा हंगाम संपला, खोलीला कुलूप लागलं, पण थोरलीचा खोकला काही हलेना. कपडे अंगावर लोंबू लागले, संध्याकाळी कणकण येई. "धूळ बसलीय छातीत, निघेल," म्हणत तिने दीड महिना काढला. शेवटी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी तिची थुंकी तपासायला नेली. क्षय निघाला.

त्याने थोरली फारशी घाबरली नाही. सहा महिने गोळ्या न चुकता घेतल्या की बरं होतं, असं नर्सबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. पण मग त्यांनी विचारलं, "कामावर तुमच्या शेजारी कोण बसायचं? त्यांनाही तपासायला हवं."

थोरलीला धाकटी आठवली. धाकटी तुटली तर राहिलं काय?

"कोणी नाही," ती म्हणाली.

तीन दिवस ती घराबाहेर पडली नाही. चौथ्या दिवशी सकाळी तोंडाला फडकं बांधून ती धाकटीच्या दारात गेली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आढेवेढे न घेता तिने सगळं सांगून टाकलं, नर्सबाईंशी खोटं बोलल्याचंसुद्धा.

धाकटीने निवडायला घेतलेली भाजी बाजूला सारली.

"मलाही येतोय खोकला," ती म्हणाली. "तुम्हाला बोलले नाही. म्हटलं, तुम्ही म्हणाल, कामचुकार झाली."

थोरलीला रडू कोसळलं. धाकटीने तिला रडू दिलं. मग तिची नजर आतल्या खोलीकडे गेली. तिथे सून बाळाला पाजत बसली होती.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "मीही डावीकडेच वळायचे."

थोरलीने डोळे पुसले आणि सुनेला हाक मारली.

"पोरी, बाळाला घे आणि बाहेर ये," ती म्हणाली. "आपल्याला नर्सबाईंकडे जायचंय. चूक माझी आहे, वाटेत सांगते."